काळा कोट आणि जरीचा शालू

लग्न होऊन मी भिवंडीत आले तेव्हा मला माणसांची फार भीती वाटे. पुढे यजमानांचं फोटोचं दुकान, मागे आमच्या दोन खोल्या आणि मध्ये डार्करूम. दुकानात गिऱ्हाईक असलं की चहाचा कपसुद्धा मी पडद्याआडूनच सरकवायची. डार्करूममध्ये मात्र मला कोणी बघत नसे. लाल दिव्याखाली कोरा कागद डेव्हलपर रसायनाच्या ट्रेमध्ये सोडला की आधी केस उमटत, मग डोळे, मग सगळा माणूस. ते बघायचा मला कधी कंटाळा आला नाही. यजमानांनी मला आधी फोटो धुवायला शिकवलं, मग छापायला.

पंच्याऐंशीच्या सुमारास रंगीत फोटोंची मागणी वाढली. यजमान म्हणाले, "आता काळं-पांढरं बंद करू. रंगीत रोल मुंबईला धुवायला पाठवायचे, ही खोली सामानाला होईल." मी नुसतं "बरं" म्हटलं. पण त्या दिवशी आमटीत मीठ दोनदा पडलं.

त्यातच जवळच्या राहनाळ गावच्या एका गृहस्थांचं काम अडलं. त्यांच्या मुलाच्या लग्नातला जोडीचा फोटो भिंतीवर लावायला मोठा करायचा होता. यजमानांनी तो भर दुपारच्या उन्हात काढलेला. नवरदेव काळ्या कोटात, नवरी फिक्या रंगाच्या जरीच्या शालूत. पहिला फोटो एका संध्याकाळी नॉर्मल कागदावर छापला, तर कोट करडा आला. मग यजमानांनी हार्ड कागद घेतला. त्यावर काळं आणखी काळं होतं आणि पांढरं आणखी पांढरं. कोट छान काळा झाला, पण शालू कोराच राहिला.

"आवो, सोन्याची जर हाय ती," गृहस्थ म्हणाले. "तुमी तं धुतलेलं धोतर नेसवलंत माज्या सुनंला! कोट कालाच पायजे आन् जर बी दिसाला पायजे."

"शुक्रवारी दुपारी या," यजमानांनी सांगितलं. ते गेल्यावर मला म्हणाले, "कागदच शिळा झालाय. शुक्रवारी सकाळी तू एकदा करून बघ. नाही जमलं तर हे निगेटिव्ह मुंबईला, आणि आपलं हे काम कायमचं बंद."

शुक्रवारी स्वयंपाक लवकर उरकून मी आत शिरले. नॉर्मल कागद घेतला, यजमान मोजायचे तेवढंच मोजून उजेड दिला आणि कागद डेव्हलपरमध्ये टाकला. बघता बघता सगळं काळं ठिक्कर पडलं. कोट, शालू, मांडव, सगळंच. कागदावर उजेड जास्त पडला की फोटो काळा होतो. निगेटिव्ह तेच, कागद तोच, मोजणं तेच. मग एवढा उजेड आला कुठून?

एन्लार्जरचा, म्हणजे निगेटिव्हमधून कागदावर उजेड टाकणाऱ्या यंत्राचा, बल्ब लावून बघितला. पांढराशुभ्र जळत होता. एरवी पिवळट असायचा. आणि तेव्हा लक्षात आलं, किती शांत आहे! शुक्रवारची सुट्टी, शेजारच्या कारखान्यांतल्या लूमची, यंत्रमागांची, खडखड बंद. मी ओल्या हातांनीच पडदा सारून दुकानात धावले.

"अहो, लूम बंद आहेत!"

"शुक्रवारी बंदच असतात. त्यात ओरडायचं काय?" दोन गिऱ्हाइकंही माझ्याकडे बघत राहिली.

"अहो, कागद शिळा नाही! त्या संध्याकाळी लूम चालू होते, त्यांनी वीज ओढली म्हणून व्होल्टेज पडलं होतं. उजेड कमी पडला म्हणून कोट करडा आला. हार्ड कागदाची गरजच नव्हती."

गिऱ्हाइकांना बसवून यजमान आत आले. बल्बकडे बघून हसायलाच लागले. "म्हणजे मी बिचाऱ्या कागदाला उगाच शिव्या घालत होतो!"

कागदाच्या पट्ट्या कापून आम्ही कमी-जास्त उजेड देऊन बघितला. एका पट्टीवर कोट काळाभोर आला, वर त्याची घडीही दिसली. शालूच्या निऱ्या उमटल्या, पण जर अजून धूसर होती. यजमानांनी पुठ्ठ्याला भोक पाडलं. त्या भोकातून फक्त शालूवर जास्तीचा उजेड टाकायचा, पुठ्ठा सतत हलवत, म्हणजे कडा उमटत नाही. मी एका हाताने पुठ्ठा हलवत होते, दुसरा हात नवरीच्या चेहऱ्यावर आडवा धरला होता. यजमान आकडे मोजत होते.

"तोंड सांभाळ गं! सून काळी आली तर म्हातारा मलाच काळं फासेल."

"हसवू नका, हात हलतोय!"

कागद डेव्हलपरमध्ये गेला. आम्ही दोघं वाकून बघत होतो. कोट आला, चेहरा गोरा आला, आणि शेवटी काठाची जरीची एकेक बुट्टी वर यायला लागली. मी यजमानांचा दंड केवढ्याने धरला होता, ते त्यांनी नंतर दाखवलं.

दुपारी गृहस्थ बायकोला घेऊन आले. बाईंनी फोटो नाकाजवळ नेला. "आगो बाय, काठाची बुट्टीन् बुट्टी दिसतंय!"

"आन् कोट?" गृहस्थांनी विचारलं.

"कालाच हाय. डोलं हायत का न्हाय तुमाला?"

गृहस्थ खूश होऊन म्हणाले, "मंग बाकीचं फोटू बी आसंच मोठं करा. एक सूनबाईच्या माहेरला लागंल."

यजमानांनी पडद्याकडे वळून विचारलं, "काय गं, कागद आणू का आणखी?"

"आणा," मी आतून मोठ्याने म्हटलं. "नॉर्मलच आणा, आणि आत्ताच जा. उद्या लूम सुरू व्हायच्या आत सगळे छापून काढते."

ते सायकल काढून गेले. मी ट्रे धुवायला घेतले.