वायरवर चालणारा माईक

आई पुण्याहून तीन महिन्यांसाठी माझ्याकडे आली आणि दुसऱ्याच आठवड्यात परतीच्या गोष्टी करायला लागली. बाबा गेल्यापासून ती एकटीच राहत होती. निदान या खेपेला तिने इथे टोकियोत, निशी-कसाईत पुरा मुक्काम करावा म्हणून मी किती विनवण्या केल्या होत्या! कारण विचारलं तर म्हणे, "काही नाही गं, तुझ्या कामात अडचण नको."

अडचण होती, खोटं कशाला बोलू. माझं घर म्हणजे एक खोली आणि त्यातच भिंतीला लागून स्वयंपाकाचा ओटा. मी ओट्याकडे पाठ करून बसते आणि जपानी क्लायंटबरोबर मीटिंगांवर मीटिंगा करते. मागे नुसतं पातेलं वाजलं तरी मी मान वळवून डोळे वटारायची. आई बिचारी जीभ चावायची. मिक्सर बंद, फोडणी बंद, मावशीला फोन तर विचारूच नका. आईला हळू बोलता येत नाही हे पुण्यात आमच्या सगळ्या गल्लीला माहीत आहे.

मग ठरवलं, बाहेरचा आवाज बंद करणारा हेडफोन आणायचा. मी तो कानाला लावीन, आई घरात खुशाल वावरेल.

पण घ्यायचा कुठला? इथे माझ्या डोक्याची मंडई झाली. वायरलेस हवा, कारण ट्रेनमध्येही वापरायचा. ऑफिसच्या लॅपटॉपवर मात्र ब्लूटूथ बंद, क्लायंटचा सुरक्षेचा नियम. म्हणजे तिथे वायर आली. आणि वायर लावली की म्हणे बऱ्याच हेडफोनांचा माईकच मुका होतो! ऐकू येतं, पण बोलता येत नाही. हा कुठला न्याय? इंटरनेटवर एक म्हणतो चालतो, दुसरा म्हणतो चालत नाही, तिसरा म्हणतो वायर गोल पिनची आहे की यूएसबीची त्यावर आहे. वाचून वाचून मला नक्की काय हवंय तेच कळेना.

शनिवारी आईला घेऊन दुकानात गेले. विक्रेत्याला विचारलं, वायर लावून माईक चालतो का? त्याने मान वाकवली, तपासून सांगतो म्हणाला आणि गडप झाला. आला तो दुसऱ्याला घेऊन. दोघांनी खोक्यावरची बारीक अक्षरं वाचली आणि पुन्हा माना वाकवल्या. तोंडावर 'नाही' म्हणणं इथल्या माणसाच्या जिवावर येतं, आणि 'हो' म्हणायचं तर खात्री हवी. शेवटी एकाने हेडफोनची वायर माझ्या फोनला जोडून आईच्या फोनवर कॉल लावला. मी आईचा फोन घेऊन दुकानाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिले. पण बाकीच्या गिऱ्हाइकांना त्रास नको म्हणून तो गृहस्थ कुजबुजत होता. माईक मंद आहे की माणूस सभ्य, मला काही समजेना.

तेवढ्यात आईने त्याच्याकडून हेडफोन घेऊन स्वतःच्या कानांवर चढवला. "हॅलो! ऐकू येतंय का गं? मला मेलं काहीच ऐकू येत नाहीये!" अख्खा मजला वळून बघायला लागला. फोनमधूनही शब्द न् शब्द खणखणीत आला. मी तोच हेडफोन घेतला.

सोमवारी वायर लावली आणि जग शांत झालं. आईला म्हटलं, "आता काय हवा तो गोंधळ घाल." क्लायंट एकदा म्हणाले, "आज घरी छान वर्दळ दिसते." मी हसून आभार मानले. आई मात्र संध्याकाळी गप्प गप्प असायची. आता काय बिनसलं हिचं?

त्याच आठवड्यात एका मीटिंगनंतर ओसाकाहून फोन आला. आमच्याच टीममधला, पुण्याचाच मित्र. "ऐक, रागावू नकोस. तुझी आई लवकर परत चाललीये का?"

"तुला कोणी सांगितलं?"

"काकूंनीच. मीटिंगमध्ये. मावशीला फोनवर सांगत होत्या, तिकीट अलीकडचं करून घेते म्हणून." मग म्हणाला, "अगं, तो हेडफोन तुझ्या कानांपुरता आवाज बंद करतो. माईकमधून आम्हाला सगळं येतं. काल कुकरच्या शिट्ट्यासुद्धा आल्या."

मी कपाळावर हात मारला. इतके दिवस क्लायंटनी आमच्या घरचा सगळा संसार ऐकला आणि कोणी अवाक्षर काढलं नाही! "आणखी काय म्हणत होती?"

तो घुटमळला. "म्हणत होत्या, पोर चार हातांवर बसलेली असते, पण घरात मी आहे की नाही, तिला पत्ता नसतो."

आई ओट्यापाशी मटार सोलत होती. "आई, हा हेडफोन मी कोणासाठी आणला? तुला मोकळेपणी बोलता यावं म्हणूनच ना?" माझा आवाज चढला आणि रडूही आलं.

"कळतं गं मला," ती म्हणाली. "पण आधी पातेलं वाजलं की डोळे वटारायला का होईना, वळून बघायचीस तरी."

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये मी एक कान उघडा ठेवला. मध्येच मागे झाकण पडलं. हातातून निसटलं की मुद्दाम पाडलं, देव जाणे. मी मान वळवली आणि चांगले डोळे वटारले. आईने जीभ चावली आणि खुशीत पुढचं पातेलं उचललं.