ओल्या तापमापकाचा आकडा

कुमुदिनीबाईंना झाडांचं वेड कधीच नव्हतं. वेड होतं ते त्यांच्या नवऱ्याला, भालचंद्ररावांना. हवामान खात्यात बत्तीस वर्षं नोकरी केलेला हा माणूस निवृत्त झाल्यावर गप्प बसेल अशी आशा बाईंनी उगाच धरली होती. दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातलं सरकारी क्वार्टर सुटलं, नोएडात स्वतःचं घर झालं, आणि सामान लागायच्या आत गच्चीवर लोखंडी सांगाडा उभा राहिला. त्यावर जाड प्लास्टिक चढलं, दोन्ही बाजूंना गुंडाळून वर करता येतील असे पडदे लागले, आत एक पंखाही आला. सेक्टरात अजून नळाला धड पाणी नव्हतं, वीज मनाला येईल तेव्हा जायची. पण भालचंद्ररावांच्या गच्चीवर आंबोलीचं रान वाढायला लागलं होतं.

रान म्हणजे बारा सीतेच्या वेण्या. आंबोलीला वादळात मोडून पडलेल्या एका फांदीवरून त्यांनी त्या सोडवून आणल्या होत्या. झाडाच्या खोडाला धरून वाढणारं हे आमरीचं, म्हणजे ऑर्किडचं, फूल. गुलाबी ठिपक्यांचा गच्च घोस खाली लोंबतो. सात वर्षांत दिल्लीच्या हवेत एकही फुलली नव्हती. मेल्या नव्हत्या, हाच पराक्रम.

सत्त्याण्णवच्या जानेवारीत पुण्याला मुलाकडे, धीरजकडे, गेले असताना भालचंद्ररावांच्या छातीत कळ आली आणि तिथेच बायपास झाली. बाई तीन आठवडे उशाशी बसल्या. मग रजा संपली. पहाडगंजातल्या मराठी शाळेत त्या दहावीला शिकवायच्या, आणि फेब्रुवारीत दहावीची बाई गैरहजर म्हणजे काय, हे मास्तरकी केलेल्यालाच कळेल. डॉक्टरांनी भालचंद्ररावांना पाडव्यापर्यंत प्रवासाला मनाई केली. निघताना बाईंना बाजूला घेऊन सांगितलं, "मनाला त्रास होईल असं काही यांच्या कानावर घालू नका."

आणि भालचंद्ररावांनी निघताना काय सांगितलं? "माझी झाडं सांभाळ."

वर चार पानं लिहून दिली. दिल्लीचा वसंत म्हणजे फसवा पाहुणा. सकाळी स्वेटर मागतो आणि दुपारी पंखा. पारा पंधराच्या खाली असेल तोवर पडदे उघडायचे नाहीत. उन्हं वर आली की उघडायचेच. पाणी सकाळी शिंपायचं, संध्याकाळी थेंबही नाही, नाहीतर रात्रीच्या गारठ्यात मुळं कुजतात. मार्चमध्ये पश्चिमेचा कोरडा वारा सुटला की गोणपाटं भिजवून टांगायची. आत दोन तापमापक होते. एक उघडा, त्याला ते कोरडा म्हणत. दुसऱ्याच्या फुग्याला भिजलेली मलमल गुंडाळलेली, तो ओला. बाईंनी त्यातून एवढंच घेतलं, की दोन आकडे जवळजवळ असले की हवेत ओल चांगली, लांब गेले की हवा कोरडी.

रोज संध्याकाळी सातला पुण्याहून फोन यायचा.

"कोरडा?"

"चोवीस."

"ओला?"

"एकोणीस."

"छान. आणि तू?"

"मी बरी आहे. तुमचं काय? दुखतं का? बीपी किती?"

"एकशे तीस, ऐंशी. घोड्यासारखा आहे."

फोन ठेवला की बाईंना हुश्श व्हायचं. पण सकाळ झाली की पुन्हा तेच. पाच वाजता गच्चीवर जायचं, पारा बघायचा, पाणी शिंपायचं आणि साडेसहाची चार्टर्ड बस पकडायची. पडदे उघडायचं काम शेजारच्या भाटियाबाईंनी आपणहून घेतलं होतं. "बहनजी, आप चिंता मत करो, दस बजे मैं खोल दूँगी." बाई चिंता करायच्याच. वर्गात भूमितीचं प्रमेय फळ्यावर मांडता मांडता त्यांची नजर खिडकीबाहेरच्या उन्हावर जायची. उघडले असतील ना? सासू आजारी असताना त्यांनी इतकी धास्ती घेतली नव्हती.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात एका रोपाच्या पानांच्या बेचक्यातून हिरवट टोक बाहेर आलं. फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडे काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला आणि बाई घाबरल्या.

"अहो?"

"दांडा आहे तो, कुमुद. कळ्यांचा दांडा. अगं, सात वर्षं!"

त्यानंतर तिसऱ्या दिवशी बाई बससाठी बाहेर पडल्या, तर भाटियाबाई फाटकाशी बॅग घेऊन उभ्या. लुधियानाला भाचीला दिवस भरायच्या आत दवाखान्यात नेलं होतं. "सॉरी बहनजी, मैं तो अभी निकल रही हूँ."

बाई मागे वळल्या, धापा टाकत जिना चढल्या. पारा तेरावर. आत्ता उघडावं तर गारठ्यानं दांडा जळायचा; न उघडावं तर दुपारी ऊन. दहावीचा पेपर होता, पर्यवेक्षण होतं, दांडी मारायची सोयच नव्हती. खाली बसचा हॉर्न वाजला. एका दिवसानं काय होतंय, असं मनाशी म्हणून त्या पडदे तसेच टाकून उतरल्या. त्या दिवशी असं ऊन पडलं की परीक्षेच्या हॉलमध्ये पोरं वहीच्या पुठ्ठ्यानं वारा घेत होती. बाई तीन तास बाकांमधून फिरल्या. कुणी कॉपी केली असती तरी त्यांना दिसली नसती.

परत आल्या तेव्हा तीन वाजून गेले होते. पडदा वर करताच वाफ तोंडावर आली. कोरडा सत्तेचाळीसवर. बाराच्या बारा रोपांची पानं फदफद्यासाठी उकडलेल्या अळूसारखी लुळी पडली होती, आणि दांडा बोट लागताच गळून हातात आला. बाई तिथेच ओल्या विटांवर बसल्या आणि घळाघळा रडल्या. झाडांसाठी नव्हे. सात वाजता फोन वाजणार होता, म्हणून.

"कोरडा?"

"सत्तावीस."

"ओला?"

"बावीस."

"आणि दांडा?"

"आहे की. वाढतोय," बाई म्हणाल्या. जन्मभर पोरांना खोटं बोलल्याबद्दल अंगठे धरायला लावणारी बाई! पण जीभ अडखळली नाही, आणि याचंच त्यांना जास्त भय वाटलं.

एका खोट्याला झाकायला दुसरं लागतं. आता रोज आकडे घडवावे लागत. भाटियाबाई परत आल्या, त्यांनाही "कुछ मत बोलना" असं बजावून झालं. गच्चीवर जाणं बाईंनी सोडलं. मेलेल्या रोपांकडे बघवत नव्हतं. बाहेर कोरडा वारा सुटला, धुळीनं दारं-खिडक्या पिवळ्या झाल्या, आणि नवरा काळजीत पडेल म्हणून बाई फोनवर दोन्ही आकडे आणखी जवळ आणत गेल्या. दांडा बोटभर झाला, वीतभर झाला. कळ्या मोजून सांगितल्या. फोनवर तो माणूस खुलायचा, धीरज म्हणायचा, "आई, बाबा त्या फुलावरच जगताहेत." हे ऐकल्यावर त्या रात्री बाईंनी वाढलेलं ताट तसंच झाकून ठेवलं. घरी येऊन तो जिना चढेल, पडदा वर करेल, आणि छातीला हात लावून खाली बसेल, हे चित्र डोळ्यांपुढून हलेना.

पाडवा झाला आणि चौथ्या दिवशी धीरज बाबांना घेऊन आला. भालचंद्रराव अर्धे झाले होते. शर्टाची कॉलर मानेभोवती सैल पडली होती. चहा घेतला आणि ते जिन्याकडे निघाले. "एक एक पायरी चढेन, काळजी करू नकोस."

बाई मागोमाग धावल्या. पाचव्या पायरीवर त्यांनी नवऱ्याचा दंड धरला.

"अहो, थांबा. वर काही नाही. सगळी मेली. मी मारली." आणि मग पेपर, भाटियाबाई, तेराचा पारा, सगळं एका दमात बाहेर पडलं.

भालचंद्रराव कठड्याला टेकले. रागावले नाहीत. "माहीत आहे मला," ते म्हणाले.

"भाटियाबाईंनी सांगितलं?"

"तू सांगितलंस. होळीच्या आदल्या दिवशी. कोरडा सव्वीस, ओला सत्तावीस म्हणालीस. अगं वेडे, ओला कोरड्याच्या वर जात नसतो. फार तर बरोबरीला येतो. बत्तीस वर्षं वाचलेत ते आकडे. मग आधीचे सगळे ताडून पाहिले. आकडे बनवायची वेळ आली, म्हणजे झाडं गेली."

"मग रोज विचारत का राहिलात? दांडा किती, कळ्या किती?"

"विचारायचं थांबलो असतो तर मला कळलंय हे तुला कळलं असतं. एकटी होतीस. झोपली नसतीस."

बाईंना हसू यायच्या बेतात होतं, इतकं हलकं वाटलं. महिनाभर छातीवर घेतलेला धोंडा, आणि हा माणूस तो आधीच उतरवून बसला होता! तेवढ्यात त्यांची नजर नवऱ्याच्या मनगटाकडे गेली. मनगटाच्या वर, सुई टोचल्याचा हिरवट-निळा डाग होता. जानेवारीतला डाग एप्रिलपर्यंत राहत नाही.

"हे कधीचं?"

भालचंद्ररावांनी बाही खाली ओढली.

"तुम्हाला विचारतेय मी. हे कधीचं?"

"होळीनंतर तीन दिवस ठेवलं होतं पुन्हा. पाणी झालं होतं छातीत थोडं. फोन तिथूनच लावून द्यायचा धीरज."

"आणि एकशे तीस, ऐंशी?"

"तेही तुझ्या आकड्यांसारखंच," ते खाली बघत म्हणाले.

बाईंचा खोटा आकडा पकडायला नवऱ्याकडे बत्तीस वर्षांचा अभ्यास होता. त्याचा पकडायला त्यांच्याकडे काय होतं? त्या तीन संध्याकाळी त्या आपलं खोटं पचलं म्हणून निर्धास्त होऊन फोन ठेवत होत्या, आणि पलीकडे हा पलंगावर होता. राग आता मनात मावेना.

"चला खाली," त्या म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे. खरा आकडा मला माझ्या डोळ्यांनी बघायचाय."

"एकदा वर डोकावू तर दे. इथवर आलोच आहे."

"काही नको." त्यांनी नवऱ्याचा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि त्यांना जिन्यावर अलगद वळवलं. "मेलेल्या झाडांना काय घाई आहे?"