आधी माफी, मग भांडण

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. पोरीला नाही, अमरावतीच्या बहिणीला नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. तुम्हाला का सांगते आहे, ते विचारू नका. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, एवढं पुरेसं आहे असं समजा.

गोष्ट आमच्या ह्यांची आहे. हे आता नाहीत. भिलाईत सेक्टर दहामध्ये आमचं क्वार्टर होतं. हे प्लांटमध्ये रोलिंग मिलच्या ऑफिसात, मी शाळेत गणिताची शिक्षिका. दोघंही विदर्भातले, दोघंही हट्टी. फरक इतकाच की ह्यांचा हट्ट गोड होता. माझा — तो पुढे कळेलच.

ह्यांना एक वेड होतं. दारू नाही, पत्ते नाहीत, एक इंग्रज. मुक्या सिनेमाच्या जमान्यात विलायतेत होऊन गेलेला एक लेखक-दिग्दर्शक, ज्याचं नाव त्याच्या देशातही धड कुणाला माहीत नाही. ते नाव मी इथं लिहीत नाही. आमच्या घरानं त्याला आधीच पुरेसा त्रास दिला आहे. घरात आम्ही त्याला ‘साहेब’ म्हणायचो. शेजाऱ्यांना वाटायचं, हे आपल्या मॅनेजरबद्दल बोलतात. जेवताना हे अचानक म्हणायचे, साहेबांचे दिवस फार वाईट गेले गं शेवटी — आणि भिंतीपलीकडच्या वहिनी दुसऱ्या दिवशी हळूच विचारायच्या, कोण वारलं?

साहेबांची हकिगत मला झोपेतही सांगता येईल. समुद्रकाठच्या लहानशा गावात दुकानदाराच्या घरी जन्म. नाटक कंपनीत पडद्यामागे उभं राहून विसरलेली वाक्यं नटांना पुरवायची, ही पहिली नोकरी. मग सिनेमा कंपन्यांना गोष्टी लिहून द्यायला लागले. पडद्यावर नाव दुसऱ्याचंच यायचं. एकदा दिग्दर्शक आजारी पडला आणि कंपनीवाले साहेबांना म्हणाले, तुम्हीच उरका. त्यांनी उरकलं, आणि असं उरकलं की पुढची काही वर्षं तेच लिहायचे, तेच बनवायचे. मग सिनेमा बोलायला लागला आणि साहेबांना कुणी विचारेना. शेवटी एका गावात थिएटरचे मॅनेजर झाले. दारात उभे राहून लोकांची तिकिटं फाडायचे, आत दुसऱ्यांचे सिनेमे चालायचे. हा भाग सांगताना ह्यांचा आवाज दर वेळी बसायचा. दर वेळी! मी पोळ्या लाटता लाटता म्हणायची, अहो, तुमच्या सख्ख्या काकांसाठी नाही रडलात एवढे.

रद्दीतली इंग्रजी मासिकं, कुणाच्या विलायतेतल्या भाच्यानं पाठवलेली कात्रणं, असं जमवून जमवून ह्यांनी साहेबांवर मराठीत पुस्तक लिहायला घेतलं होतं. अडचण एकच. ज्या माणसावर पुस्तक, त्याचा एकही सिनेमा ह्यांनी पाहिला नव्हता. बहुतेक सगळे जळाले, विरघळले, हरवले. एकच म्हणे पूर्ण उरला होता.

— बघा, अजून मी मुद्द्यावर येत नाही. येते.

छत्तीसगड राज्य नवं नवं झालं होतं, त्या सुमाराची गोष्ट. आमच्या मराठी मंडळाचा छोटासा फिल्म क्लब होता. दिल्लीच्या एका संस्थेकडून रिळांचे डबे रेल्वे पार्सलनं दुर्गला यायचे, स्कूटरवर घालून हे घेऊन यायचे, रविवारी संध्याकाळी हॉलमध्ये खेळ, आणि सोमवारी सकाळी डबे परत. प्रोजेक्टरचं मशीन एकच. म्हणून एक रीळ संपलं की दिवे लागायचे आणि दुसरं लावेपर्यंत हे उभे राहून बोलायचे. लोक सिनेमापेक्षा त्या गप्पांना जास्त यायचे, असं माझं मत. ह्यांना ते पटायचं नाही, पण आवडायचं.

मशीन चालवणारे काका रिटायर होऊन गावी गेले, तेव्हा मी म्हटलं, मी शिकते. मंडळाचे सेक्रेटरी हसले. म्हणाले, “वहिनी, हे मिक्सर नोहे. रीळ तुटलं तं दिल्लीले काय सांगाचं?” सगळे हसले. हे नाही हसले. हे म्हणाले, “तिच्या हातून चूक होत नाही. तुमच्या पोरायले विचारा.” आणि खरंच होतं ते. शाळेत माझी तीच ख्याती होती. चूक दाखवणं हे माझं काम, करणं नव्हे. मी शिकले, आणि सेक्रेटरींना एकदाही बोट ठेवायला जागा दिली नाही.

आणि मग दिल्लीच्या यादीत साहेबांचा तो सिनेमा निघाला. तीन रिळांचा.

ह्यांचा तो आठवडा कसा गेला, काय सांगू? दाढी दोनदा केली एका दिवसात. इस्त्रीचा सदरा काढून पुन्हा इस्त्रीला दिला. डबे शनिवारी आले. आधीच्या क्लबनं रिळं उलटी गुंडाळायची तसदीच घेतली नव्हती. शेवट वर, सुरुवात आत. असं नेहमी व्हायचं. त्यामुळे खेळाआधी घरी जेवणाच्या टेबलावर एकेक रीळ काढून सरळ गुंडाळायचं, हे माझं काम. नंबर रिळावर नव्हता, डब्याच्या झाकणावर होता. झाकणं मी एका ओळीत मांडली होती, रिळांच्या पुढ्यात. माझी पद्धत पक्की.

तेवढ्यात समोरची साहूबाई बेसनाची गरम, तळलेली ठेठरी घेऊन आली. तेलकट ताट, आणि ती ते टेबलावर ठेवायला निघाली! मी ओरडलेच. घाईघाईनं रिळं आणि झाकणं उचलून पलंगावर ठेवली, तिच्याशी गप्पा मारल्या, ठेठरी खाल्ली, हात साबणानं दोनदा धुतले, म्हणजे फिल्मला तेल लागू नये. किती काळजी घेतली बघा. आणि मग रिळं डब्यांत घातली आणि झाकणं लावली.

दुसरं आणि तिसरं उलटं.

मला तेव्हा कळलं नाही. हे खरं आहे, पण त्याचा उपयोग नाही, कारण कबुली त्याची नाहीच. झाकणं कुणाचीही बदलतात.

रविवारी हॉल भरला होता. गोष्ट साधी. कोळ्यांच्या गावातलं एक जोडपं. पहिल्या रिळात लग्न, नवं घर. दिवे लागले, हे बोलले. मग मी दुसरा डबा उघडला. म्हणजे झाकणावर दोन लिहिलं होतं तो. पडद्यावर नवरा म्हातारा होऊन, पांढरी दाढी घेऊन परत आला. बायकोनं दार उघडलं, बराच वेळ बघितलं, आणि काही न विचारता त्याला टेबलाशी बसवून वाढलं. मी म्हटलं, असेल, साहेबांची तऱ्हाच वेगळी. आणि मग — पडद्यावर इंग्रजीत अक्षरं उमटायला लागली. ‘समाप्त’.

माझा हात मशीनच्या भिंगावर गेला.

विचार करून गेला का? नाही. पण गेला. पडदा काळा झाला, मागून शिट्ट्या आल्या, आणि मी मोठ्यानं म्हटलं, “व्होल्टेज!” टाउनशिपमध्ये दिवे जाणं म्हणजे अघटितच, लोक एकमेकांकडे बघायला लागले. त्या क्षणी एक वाक्य पुरलं असतं. रिळं बदलली, माफ करा, पुन्हा लावते. बस. पण तिसऱ्या रांगेत सेक्रेटरी बसले होते, मान वळवून माझ्याकडे बघत होते. मी उरलेला डबा उघडला आणि रीळ चढवलं. भांडण झालं, नवरा जहाजावर गेला, बायकोनं दार लावून घेतलं. पडदा पांढरा झाला. संपलं.

हे उठले.

मी ह्यांना इतकं सुंदर बोलताना कधी ऐकलं नाही, आधीही नाही आणि नंतरही नाही. म्हणाले, बघा, ह्या माणसानं आधी माफी दाखवली आणि मग भांडण. का? कारण पुढे माफी मिळणार आहे हे माहीत असलं, की भांडणाऱ्यांचा राग येत नाही, त्यांची कणव येते. म्हणाले, ‘समाप्त’ सुद्धा लिहिलं नाही त्यानं, कारण ते भांडण संपलेलंच आहे, आपण आधीच पाहिलं. सेक्रेटरींच्या बायकोनं डोळे पुसले. आणि मी मशीनमागे उभी राहून — तुम्हाला खरं सांगू? — मला अभिमान वाटत होता. ह्यांचा. माझा नवरा माझ्या चुकीतून इतकं काढू शकतो!

रात्री घरी येताना स्कूटरवर सारखे मागे वळून म्हणत होते, “पाह्यलं का वं? आधी माफी, मंग भांडण! असा डायरेक्टर मले दुसरा नाही दिसला.” मी म्हटलं, समोर बघा, खड्डा आहे.

सकाळी डबे परत गेले. झाकणं मी आधीच सरळ करून ठेवली होती.

मग ह्यांनी लेख लिहिला. नागपूरच्या एका मासिकानं छापला, लोकांना आवडला, दोन ठिकाणी भाषणाला बोलावलं. पुस्तकाचा मधला भाग ह्याच एका गोष्टीवर उभा राहिला. सांगायचं मनात यायचं का? यायचं. भाजी निवडताना यायचं, पेपर तपासताना यायचं. पण ते शेजारच्या खोलीत गुणगुणत लिहीत असायचे. त्या गुणगुणण्यावर मी पाणी कसं ओतू? असं मी स्वतःला सांगायची. त्यात प्रेम किती आणि माझी ख्याती जपणं किती, ह्याचा हिशेब मी, गणिताची बाई असून, कधी केला नाही.

ही माझी चूक नंबर एक. एवढीच असती तर कदाचित मी तुम्हाला हसत सांगितलीही असती.

बऱ्याच वर्षांनी, हे रिटायर झाल्यावर, पोरगी रायपूरहून आली. दारातूनच ओरडली, “बाबा, तुमच्या साहेबांची पिक्चर मिल गई! नेटवर पूरी आहे!” लॅपटॉप टेबलावर ठेवला. त्याच टेबलावर. हे नव्या नवरदेवासारखे समोर बसले. मी स्वयंपाकघरात गेले, पण किती वेळ राहणार? बाहेर आले तेव्हा पडद्यावर भांडण चाललं होतं, आणि ह्यांच्या चेहऱ्यावर — मला ते नीट लिहिता येत नाही. मग म्हातारा परत आला. दार उघडलं. ‘समाप्त’.

हे माझ्याकडे वळले. “मशीनवर तूच होती ना वं? रिळं बराबर लागले होते ना?”

विचारण्यात आरोप नव्हता. नुसतं विचारलं, चष्मा कुठे ठेवला असं विचारावं तसं. पोरगी बघत होती.

“बराबर होते,” मी म्हटलं. “मी कावून चुकवीन?”

“हो. तू कावून चुकशील,” हे म्हणाले. “मंग माह्यंच डोकं.”

हीच ती. हेच मी केलं.

तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली. ह्यांचे वडील उतारवयात सगळं विसरले होते. घर, नाव, मुलगा. ह्यांनी त्यांना अंघोळ घातली होती, आणि आयुष्यात एकाच गोष्टीची भीती बाळगली होती. मला हे माहीत होतं. माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

त्या दिवसापासून ह्यांनी गॅस दोनदा बघायला सुरुवात केली. मग चारदा. स्कूटर विकली. बाजारात जाताना काय आणायचं ते तळहातावर लिहून न्यायचे. मंडळातल्या जुन्या लोकांना विचारून पाहिलं, पण त्यांना ह्यांचं बोलणं आठवत होतं, सिनेमा नाही. मासिकाला स्वतःहून कळवलं की माझी आठवण चुकली होती, वाचकांची क्षमा मागतो. पुस्तकाचा मधला भाग काढून टाकला, आणि मधला भाग गेल्यावर पुस्तक उरलंच नाही. गुणगुणणं थांबलं. मी त्यांना आवडतं ते सगळं रांधायची, पाटवड्या, गोळाभात, आणि ते म्हणायचे, किती करतेस तू माझं.

मी डॉक्टरकडे घेऊन गेले. तरुण, हसरा पोरगा होता. तासभर काय काय विचारलं, मग म्हणाला, “अंकल, आपकी याददाश्त तो मुझसे अच्छी है.” बाहेर आल्यावर रिक्षात मी म्हटलं, ऐकलंत ना? हे हसले. म्हणाले, “त्याले काय माहीत. तो त्या दिवशी हॉलमध्ये कुठं होता?”

डॉक्टरचं खरं मानलं नाही त्यांनी. माझं मानलं.

ते जायच्या आदल्या वर्षी मंडळानं जुन्या लोकांचा सत्कार केला. ह्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं. हे माईकसमोर उभे राहिले आणि साहेबांबद्दल बोलतील असं मला वाटलं होतं. म्हणाले, “मी एकदा तुम्हाले चुकीचं सांगितलं होतं. चूक माझ्या डोक्याची होती. मशीनवर ही होती, आणि हिच्या हातून रीळ चुकणं शक्य नाही. सत्कार कराचाच असन तर हिचा करा.” टाळ्या झाल्या. मला वर बोलावलं. ह्यांनीच माझ्या खांद्यावर शाल घातली, एक टोक घसरत होतं ते नीट केलं, आणि लोकांकडे बघून इतक्या कौतुकानं हसले.

मी नमस्कार केला आणि शाल घेऊन खाली आले.

त्यांचं डोकं शेवटच्या दिवसापर्यंत शाबूत होतं. त्या रविवारी त्यांनी जे पाहिलं, ते तसंच होतं. आधी माफी होती आणि मग भांडण होतं. ते मी लावलं होतं.