वरातीच्या घोडीची ट्रॉली

फैजपूरला आमच्याकडे वरातीची घोडी होती. तिला गावोगावी न्यायला पिकअपच्या मागे जोडायची ट्रॉली होती, आणि ट्रॉलीला बाभळीच्या फळ्यांचा तळ. दर वरातीआधी अब्बा त्यात अनवाणी चढत, टाचेने एकेक फळी दाबत आणि पेचकस टोचून बघत. मला तो निव्वळ वेळखाऊपणा वाटे, आणि तसं मी बोलूनही दाखवी.

एका लग्नसराईत त्यांचा गुडघा धरला आणि ट्रॉली माझ्याकडे आली. मग मी शहाणपणा केला. आमच्या भागात केळीच्या पानांना तोटा नाही. घोडीच्या पायाखाली त्यांचा जाड थर घातला आणि रोज जुन्या पानांवर नवी टाकत गेलो. वरून सगळं हिरवंगार दिसे. ते उचलून बघायचं मला सुचलंच नाही.

महिन्याभराने अब्बा लंगडत आले आणि त्यांनी पानं बाजूला सारली. खाली घोडीचं मूत मुरून फळ्या काळ्या पडल्या होत्या. पेचकस मुठीपर्यंत आत गेला. ते चिडले नाहीत. मला चपला काढून त्या फळीवर उभं राहायला सांगितलं. फळी वाकली.

“तुझ्या वजनाला वाकली,” ते म्हणाले. “तिचं वजन किती?”

फळ्या बदलल्यावर अब्बा ट्रॉलीत परत कधी चढले नाहीत. घोडी चढवण्याआधी फक्त माझ्या पायांकडे बघायचे.

आता घोडी नाही आणि अब्बाही नाहीत. ट्रॉलीतून केळीचे घड जातात. तरी चढताना मी चपला खालीच काढतो.