भांड्यांवरची नावे

नगरच्या ज्या दैनिकात मी वार्ताहर होतो, ते सत्तर सालानंतर लवकरच बंद पडले. मी संगमनेरला थोरल्या बहिणीच्या घरी आलो. मेहुणे फौजेत होते, घर मोठे होते. पाहिलेले नीट लिहून काढणे यापलीकडे मला काही येत नव्हते. दुष्काळ सुरू झाला तशी आसपासची घरे कुलपे लावून बाहेर पडू लागली, एकत्र कुटुंबे वेगळी होऊ लागली आणि सामानावरून भांडणे वाढली. घरातील सर्व सामानाची यादी करायची, सर्वांच्या सह्या किंवा अंगठे घ्यायचे आणि प्रत्येकाला एक प्रत द्यायची, असे काम आम्ही दोघांनी सुरू केले. बाहेरच्या खोल्या मी पाही. स्वयंपाकघर, देव्हारा आणि बायकांच्या पेट्या बहीण पाही. तिथे परक्या पुरुषाला कोणी जाऊ देत नसे.

शेजारच्या काकूंनी पहिल्याच दिवशी विचारले, "लोकांची भांडी मोजायला जाणार? त्याला मोलकरीण पुरते की गं."

"मोलकरीण घासते, काकू. मी नुसती मोजणार," बहीण म्हणाली. "हात कोरडे राहतात."

वाटणीत सर्वांत जास्त भांडणे भांड्यांवरून होत. पितळेच्या आणि तांब्याच्या भांड्यांवर नाव घातलेले असे. माहेरहून आलेल्यावर मुलीच्या वडिलांचे, घरात घेतलेल्यावर घरच्या कर्त्याचे. म्हणून आम्ही काम घेतानाच एक अट मान्य करून घेत असू: ज्याचे नाव, त्याचे भांडे. ही अट सुनांना आवडे. एरवी त्यांचे म्हणणे कोणी ऐकून घेत नसे. इथे भांडेच त्यांच्या बाजूने बोलत असे.

कोपरगावजवळच्या एका गावातून बोलावणे आले. दोन भावांचे शेतकरी कुटुंब होते. धाकटा भाऊ विहीर खोल करताना दरड कोसळून गेला होता. त्याच्या बायकोला मूलबाळ नव्हते. तिला संगमनेरला मावशीच्या रिकाम्या खोलीत कॉलेजच्या मुलांसाठी खानावळ काढायची होती. मुलेही ठरली होती. तिला शेतातले काही नको होते, फक्त आपली मोठी पातेली, परात आणि डबे हवे होते.

"माझ्या भांड्यांवर माझ्या बापाचं नाव हाय," तिने आम्हाला दारातच सांगितले. "मला तुमची अट मान्य हाय."

थोरल्या दिरानेही मान हलवली. त्याच्या बायकोने, म्हणजे तिच्या जावेने, सगळी भांडी पडवीत आणून मांडली. सगळी स्टीलची होती. दुष्काळात पितळ चिंचेने घासायला पाणी नव्हते, कल्हईवालाही गावात फिरकत नव्हता. त्यामुळे त्या वर्षी अनेक घरांनी जुने पितळ मोडीत घालून स्टील घेतले होते. या घरानेही तेच केले होते. दुकानात भांड्यावर मशीनने नाव घालून मिळत असे.

बहिणीने पहिले पातेले उचलले, काठावरचे नाव वाचले. ते थोरल्या दिराचे होते. दुसरे पातेले, परात, डबे, ताटे, सगळ्यांवर तेच नाव होते.

"पुन्हा वाचा, अक्का," धाकटी म्हणाली.

बहिणीने पुन्हा वाचले. घरातल्या दोन्ही बायकांना वाचता येत नव्हते. इतके दिवस धाकटी त्या अक्षरांना वडिलांचे नाव समजून भांडी पुसून फळीवर ठेवत होती.

"मी सांगितलं हुतं," ती जावेकडे वळून म्हणाली. "माझ्या पितळंच्या बदल्यात जे येईल, त्याच्यावर माझ्या बापाचं नाव घाला म्हनून."

दीर जोत्यावर बसला होता. धाकट्या भावजयीशी तो थेट बोलत नसे. माझ्या बहिणीला म्हणाला, "दुकानदारानं नाव इचारलं, मी माझं सांगितलं. दरसाल तेच सांगतो. माझ्या ध्यानातच न्हाई राह्यलं."

बहिणीने यादीत शेरा लिहायचे सुचवले, की यातली काही भांडी हिच्या पितळेच्या बदल्यात आली आहेत.

"कंची?" जाऊ म्हणाली. "मोड एकाच ताजव्यात घातली. माझंबी पितळ हुतं त्यात. आन् स्टीलची लई हौस हुती हिलाच. हात दुखत्यात म्हनं घासून."

"हुती," ती म्हणाली. "दुखत हुते हात."

मग दीर म्हणाला, "तिला म्हनावं, दोन पातेली घेऊन जा. माझं काही म्हननं न्हाई."

जाऊ उठून आत गेली.

"दान नको," धाकटी म्हणाली. "माझं हुतं ते पायजे हुतं."

यादीत तिच्या नावापुढे अंथरूण, पत्र्याची पेटी आणि दोन लुगडी इतकेच आले. पेटीवर तिच्या वडिलांचे नाव रंगाने काढलेले होते. तिने अंगठा दिला.

संगमनेरच्या एसटीत ती आमच्याबरोबरच होती. बहीण तिच्या शेजारी बसली आणि बरेच अंतर गेल्यावर म्हणाली, "खोली तर आहे. सुरुवात कर."

"कशात शिजवू, अक्का?"

बहिणीने आमच्या घरातली भांडी देऊ केली. तिने नको म्हटले. स्टँडवर उतरल्यावर तिने, इथे स्वयंपाकाला बाई कुठे लागते, एवढेच विचारले. बहीण तिला एका खानावळीत घेऊन गेली. मी पेटी उचलून मागे चाललो. मालकाने तिला पोळ्या करता येतात का विचारले. ती हो म्हणाली, पदर खोचून चुलीपाशी गेली. त्या संध्याकाळी तिथे जेवायला आलेल्या मुलांत तिने स्वतःच्या खानावळीसाठी ठरवलेली काही मुले होती. त्यांनी तिला ओळखले नाही, किंवा ओळखूनही ती काही बोलली नाहीत.

वाटणीची कामे घ्यायला बहिणीने त्यानंतर नकार दिला. बदली होऊन जाणाऱ्या नोकरदारांच्या याद्या आम्ही काही महिने केल्या, मग तेही थांबले.