मागाखालचं तूस

आमच्या टॉवेलच्या कारखान्यातले किस्से म्हणजे मागाखालचं कापसाचं तूस. सकाळी झाडून काढा, संध्याकाळी पुन्हा तेवढंच. मी तिथला जॉबर, माग दुरुस्त करत शेडभर फिरतो, त्यामुळे सगळ्यांचंच थोडं थोडं माझ्या अंगावर बसलंय.

निम्मे किस्से नरसक्काचे. ती आडव्या धाग्याच्या कांड्या भरते. घरी तेलुगू, कारखान्यात मराठी आणि भांडायला दोन्ही. कांडीच्या मशीनवर कापूस सगळ्यात जास्त उडतो. तिथंच तिला दमा जडला.

*

मी तिला दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टर नवीन होते. त्यांनी विचारलं, "दम कधीपासून मागं लागलाय?"

अक्का म्हणाली, "मागावर न्हाय हो, मी कांडीवर हाय. मागावर इक्बालभाई!"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे कापसात काम करता? सुट्टीला त्रास कमी होतो का?"

"सुट्टीदिवशी छाती माणसासारखी वागती की."

एवढ्यावर त्यांना रोग कळला. चुकीच्या उत्तरानं इतकं बरोबर निदान मी दुसरं पाहिलं नाही.

*

मग मालकांनी सगळ्यांना मास्क आणले आणि शेड मुकी झाली. मागांच्या खडखडाटात आम्हाला ऐकू येत नाही, आम्ही ओठ वाचतो. इक्बालभाईंनी लांबून पाना मागितला, मी चहा नेला. मास्क खाली ओढून ते जे बोलले, ते मी नीट वाचलं. इथं लिहिता येत नाही.

शेवटी अक्कानंच खुणा ठरवल्या. छातीवर दोनदा थाप म्हणजे "माझा पंप आणा".

*

पाळी संपली की आम्ही कॉम्प्रेसरच्या हवेनं अंगावरचं तूस उडवायचो. जुनी सवय. एक दिवस पाइप गायब! जागेवर ओल्या फडक्यांची बादली.

"तुमी अंग झाडताय, ते माज्या छातीत जातंय," अक्का म्हणाली. "पुसा गप."

पाइप तिच्या डब्याच्या पिशवीत होता, हे सगळ्यांना माहीत होतं. मागायची हिंमत कुणाला झाली नाही. मला या बाईचं तेव्हाही कौतुक वाटलं, आजही वाटतं.

*

आज आमच्या भिंतीत तूस बाहेर ओढणारे दोन मोठे पंखे आहेत. ते कसे बसले, तेवढं सांगतो.

अक्काचा दमा वाढला. मालक माणूस वाईट नाही. ते शेडमध्ये आले आणि तिच्या कानाशी ओरडले, "अक्का, लई वर्षं केलंत. आता घरी बसा."

घरात कमावती ती एकटी. तिनं मास्क खाली केला आणि शेडच्या सवयीनं, आवाज न काढता, नुसत्या ओठांनी म्हणाली, "मला नका घालवू, तूस घालवा की."

मालकांना काही कळलं नाही. पण समोर सगळी शेड उभी होती.

आधी इक्बालभाईंनी माग बंद केला. मग शेजारच्यानं. मग एकेक करत सगळ्यांनी. भर पाळीत एवढी शांतता आम्ही कुणी ऐकली नव्हती.

मालकांनी दचकून वर बघितलं. "काय रे, लाईट गेली काय?"

"लाईट हाय की मालक," इक्बालभाई म्हणाले. "अक्का चालली."