सहाशे मुक्कामांवरचं लंडन

मुंबईहून लंडनला विमान साडेनऊ-दहा तासांत पोचतं. हे वाक्य त्या आठवड्यात मी आमच्या घरात इतक्या वेळा म्हटलं की शेवटी माझंच तोंड दुखलं. तिथल्या एका हॉस्पिटलात मला नर्सची नोकरी लागली होती. शनिवारपर्यंत होकार कळवायचा होता, नाहीतर जागा दुसरीला जाणार होती.

चुलत्यांना ते मान्य नव्हतं. गावात कुणाला निवडून आणायचं हे ठरवणारा माणूस. पुतणीनं कुठं जायचं हेही आपणच ठरवणार, असा त्यांचा थाट.

"तासाचं नको सांगू," ते म्हणाले. "किलोमीटर किती?"

"सात हजाराच्या वर."

खोटं बोलले असते तर बरं झालं असतं. कारण माझा बाप तेवढ्यात बोटांची पेरं मोजायला लागला. जन्मभर मेंढरांमागं चाललेला माणूस; आमच्यात अंतर मुक्कामावर मोजतात. मेंढरू दिवसाला चालून चालून चार कोस, म्हणजे बारा किलोमीटर चालणार. त्याचा चेहराच पडला.

"सहाशे मुक्काम व्हत्यात, पोरी. दीड वरसाच्या वर. तुला काय झालं तर मी कवा पोचायचा?"

"आबा, मेंढरं घेऊन येनार हाव का तुमी?"

तो हसला नाही. त्याचे डोळे भरले होते, आणि मला कीव येण्याऐवजी चीड आली. आमच्या चकलांब्याहून एसटीनं पुण्याला जाऊन परत यायलाही विमानाएवढेच नऊ-दहा तास लागतात. चुलत्यांचा थोरला दुबईला गेला तेव्हा त्याला पोचवायला जीप भरून माणसं गेली होती. तेव्हा किलोमीटर कुणी विचारले नव्हते. हे मी तोंडावर बोलून दाखवलं.

"तो गडीमानूस हाय," चुलते म्हणाले. "बाईनं परक्या मुलखात एकटीनं पुढं जायचं, ही आपल्यात रीत न्हाई."

माय चुलीपाशी बसली होती. ती पदराला हात पुसत उठली.

"कावून न्हाई? दिवाळीनंतर मेंढरं भाईर पडत्यात, तवा आधी कोन जातं? तुमी येता मेंढरामागनं, दिवस बुडता. घोड्यावर बिऱ्हाड बांधून आमी बायाच पुढं जातो. पानी आमी हुडकायचं, रानमालकाशी आमी बोलायचं. तुमी आयत्या भाकरीला येता. ही रीत न्हाई तर काय हाय?"

मी तिथंच, त्यांच्यासमोर, मोबाइलवरून होकार पाठवून दिला. ते चहा न घेता उठून गेले. जाऊ देत.

बापानं एकदा मायकडं बघितलं. मग माझ्याकडं वळून म्हणाला, "जा तर. जागा बघून ठेव. आमी येतो मागनं."

याला आता तीन वर्षं झाली. माझ्या लंडनच्या खोलीत दोन माणसांची गादी आहे, खाली बाग आहे, चालायला लई जागा आहे. पासपोर्टचा विषय काढला की बाप अजून मेंढरांचं निमित्त सांगतो. सांगू दे. या दिवाळीला घरी गेले की त्याला दंडाला धरून पासपोर्टचा फोटो काढायला नेणार आहे.